आधी ब्रेक, मग बेल्ट, रंगकाम सगळ्यात शेवटी

2012 ची सँट्रो, सव्वा लाख किलोमीटर, दुरुस्तीसाठी हातात पंधरा हजार, आणि तुमचा पहिला प्रश्न डेंटिंग-पेंटिंगचा! पुण्यात आठवड्यात नवा ओरखडा पडेल, ते राहू द्या.

कात्रज किंवा खंबाटकीचा घाट उतरायचा असेल तर पहिला खर्च ब्रेकचा. पॅड, मागचे लायनर बघून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं. टायरची नक्षी 1.6 मिमीच्या खाली गेली असेल तर वाद नको, बदलाच. नक्षी शिल्लक असली तरी टायर किती जुना आहे ते बघायला कडेला छापलेले चार आकडे वाचा: 2318 म्हणजे 2018 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

दुसरा नंबर टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्याचा. तुमच्या 1.1 लिटर इंजिनात चेन नाही, रबरी बेल्ट आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व वाकतात आणि बजेटचे तीन तेरा वाजतात. कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) त्याच वेळी नवा टाका, मजुरी पुन्हा पडत नाही. वॉटर पंप गळत असेल तर तोही. कूलंटच्या जागी नळाचं पाणी मात्र नको.

इंजिन ऑइल, फिल्टर वेळेवर, एवढंच. सुटे भाग नाना पेठेत मिळतील, पण डुप्लिकेट ब्रेक पॅड घेऊ नका. आणि हो, 2027 मध्ये आरसीची (नोंदणीची) 15 वर्षं भरतील आणि ती पुढे वाढवायला गाडीची फिटनेस तपासणी होईल. पेंटिंगचा विचार त्या वेळी करा.