बी-३०४ मधली खरखर
ए-२०३ काकू: बी ३०४, काल रात्री साडेदहाला ते काय चाललं होतं? मला वाटलं आमच्या मिक्सरचं भांडं फुटलं. नातीची दहावी आहे हो.

बी-३०४: सॉरी काकू 🙏 नवीन स्पीकर लावून बघत होतो, आवाज किती वाढलाय कळलंच नाही. वीझर म्हणून अमेरिकन बँड आहे, त्यांचा पिंकर्टन, १९९६ चा अल्बम. आणि ती खरखर त्यात मुद्दाम ठेवलेली आहे, स्पीकर चांगलेच आहेत 😀

सेक्रेटरी: १० नंतर आवाज नको. उद्या टाकी साफ होणार, ९ ते १ पाणी बंद. नोंद घ्यावी.

सी-१०१: वीझर म्हणजे विंडोज ९५ च्या सीडीत ज्यांचा व्हिडिओ होता तेच का? बडी हॉली. मी तेव्हा कॉम्प्युटर क्लास चालवायचो, पोरं वर्ड एक्सेल सोडून तेच लावून बसायची. छान होतं की गाणं.

बी-३०४: तेच काका! ते पहिल्या अल्बममधलं, १९९४ चा, निळं कव्हर. रिक ओकासेक प्रोड्युसर, सगळं कसं घासूनपुसून, लाखांनी खपला. लोकांना वाटलं दुसरा, म्हणजे हा पिंकर्टन, पण तसाच येणार आणि यांनी प्रोड्युसरच घेतला नाही, आपलं आपणच केलं, गिटार फाटल्यासारखी, ड्रम अंगावर येतात, गाणारा मधेच किंचाळतो. मग काय, धू धू धुतला. रोलिंग स्टोन या संगीताच्या मासिकाच्या वाचकांनी त्या वर्षीच्या सगळ्यात वाईट अल्बममध्ये पहिल्या तिनात बसवला. बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, १९ व्या नंबरच्या पुढे सरकलाच नाही.

ए-२०३ काकू: वाचक शहाणे होते.

बी-३०४: 😂 पण काकू त्यांचा गायक रिव्हर्स कुओमो तेव्हा कुठल्या अवस्थेत होता बघा. एवढं नाव झाल्यावर हार्वर्डला शिकायला गेला, एक पाय जन्मापासून आखूड, तो लांब करायला १९९५ मध्ये ऑपरेशन. हाड मोडून, लोखंडी सांगाडा लावून, पेनकिलर खात गाणी लिहिली.

बी-४०२ डॉक्टर: बाप रे. हाड कापतात आणि रोज नट फिरवून साधारण १ मिमी ओढतात, तेही पाव पाव करून चार वेळा. महिनोन्महिने चालतं. असे पेशंट ओरडताना मी ऐकलेत, त्या मानाने त्याने बरंच सुरात गायलंय म्हणायचं.

ए-५०१ आजोबा: पिंकर्टन हे इटालियन संगीतकार पुचिनीच्या मादाम बटरफ्लाय ऑपेरातल्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याचं नाव. नागासाकीच्या मुलीशी लग्न लावतो आणि निघून जातो. गंमत म्हणजे तो ऑपेराही १९०४ साली मिलानला पहिल्याच रात्री पडला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुचिनीने काटछाट करून तीन महिन्यांनी ब्रेशियाला पुन्हा आणला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला.

बी-३०४: आजोबा हे माहीतच नव्हतं, भारी! इथे उलटं झालं. अल्बममधलं काहीच बदललं नाही, ऐकणारेच बदलले. पोरांनी एकमेकांना ऐकवत ऐकवत वाढवला, कितीतरी इमो (मनातली घालमेल ओरडून गाणारे रॉक) बँड त्यातून निघाले, २००४ मध्ये त्याच रोलिंग स्टोनने पाच स्टार दिले, २०१६ मध्ये प्लॅटिनम, म्हणजे अमेरिकेत दहा लाखांचा खप. पण कुओमोने मार इतका मनाला लावून घेतला की २००१ मध्ये परत आले ते ओकासेकला घेऊनच, पुन्हा गुळगुळीत. वाईट त्याचं वाटतं. टीका करणारे विसरून गेले, हा नाही विसरला.

सी-३०२: काका मला नाही पटत. त्यातलं अक्रॉस द सी गाणं ऐकलंय मी. जपानच्या १८ वर्षांच्या फॅनचं पत्र येतं आणि हा तो लिफाफा हुंगतो, चाटतो 🤢 आमच्या कॉलेजात कोणी असं केलं तर ब्लॉकच करू. आणि पहिल्या गाण्याचं नाव तर ग्रुपवर लिहिण्यासारखं पण नाहीये.

ए-५०१ आजोबा: काय नाव?

सेक्रेटरी: नको.

बी-३०४: बरोबर आहे गं तुझं. पण त्यानेच अल्बमला त्या पळून गेलेल्या माणसाचं नाव दिलंय, म्हणजे मी भला माणूस नाही हे तो आधीच सांगून टाकतो. तरी ते गाणं मला आता कानकोंडं करतं, विशीत नव्हतं केलं.

बी-३०४: नावावरून पण लफडं झालेलं. पिंकर्टन नावाची सिक्युरिटी कंपनी आहे अमेरिकेत, तिने रिलीजच्या आदल्या दिवशी कोर्टातून अडवायला बघितलं, जज्जने केस काढून टाकली. हे कव्हर बघा 📷 जपानी चित्रकार हिरोशिगेचं चित्र, बर्फातलं गाव.

ए-२०३ काकू: चित्र छान आहे. कॅलेंडरवर शोभेल.

बी-३०४: काकू शेवटचं गाणं ऐका, बटरफ्लाय. फक्त गिटार आणि आवाज. लिंक टाकतो.

ए-२०३ काकू: ऐकलं. हे बरं आहे, खरखर नाही. फुलपाखरू बरणीत ठेवतो आणि सकाळी मेलेलं असतं, नातीने अर्थ सांगितला. आता तीच तिसऱ्यांदा लावून बसलीये, म्हणते पहिल्यापासून सगळा ऐकायचाय. कुठून सुरू करायचा?

बी-३०४: दुसऱ्या गाण्यापासून काकू 🙏