मेकिंगला 'अपयशी' म्हणू नका

वर एका सदस्यांनी ब्राझीलच्या एनरिके मेकिंग या बुद्धिबळपटूला 'फुकट गेलेला बालप्रतिभावंत' म्हटलंय, ते पटलं नाही.

तेराव्या वर्षी देशाचा विजेता, १९७२ मध्ये ब्राझीलचा पहिला ग्रँडमास्टर, इथपर्यंत ठीक, असे आणखीही सापडतील. पण १९७३ ची पेट्रोपोलिसची इंटरझोनल, म्हणजे जगज्जेतेपदाच्या शर्यतीतली पात्रता स्पर्धा, बघा. केरेस, स्मिस्लोव, ब्रॉन्स्टाइन, गेलर अशी मातब्बर मंडळी मैदानात, आणि पठ्ठ्या सतरा डावांत एकही न हरता पहिला! १९७६ ला मनिलामध्ये पुन्हा पहिला. हा योगायोग नव्हे.

हं, जगज्जेत्याला कोण आव्हान देणार हे ठरवणाऱ्या पुढच्या, आव्हानवीरांच्या सामन्यांत मात्र नशीब रुसलं. १९७४ ला कोर्चनॉयकडून हरला. १९७७ ला पोलुगायेव्स्कीविरुद्ध बारापैकी अकरा डाव बरोबरीत सुटले, उरलेला एक गमावला, संपलं. एका डावाचा फरक हो!

मग त्याला मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार जडला, यात स्नायूंतली ताकदच जाते. १९७९ ला घरच्या रिओतल्या इंटरझोनलमधून त्याला सुरुवातीलाच माघार घ्यावी लागली, तेव्हा वय अवघं २७. बरं झाल्याचं श्रेय तो देवाला देतो. ते ज्याचं त्याने ठरवावं, पण १९९१ मध्ये माणूस पुन्हा पटावर बसला हे खरं.