मदत हवी आहे: तीन परदेशी कंपन्यांची सायबर जोखीम एका तक्त्यात कशी मांडू?

लेखाजोखा

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी अकाउंट्स आणि इंटर्नल ऑडिट बघते. माणसं साधारण दोनशे. आयटी म्हणजे एक मुलगा आणि एक एएमसीवाला. आता पगार, हजेरी आणि ड्रॉइंग सगळं क्लाउडवर न्यायचं ठरलंय आणि तीन मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांची कोटेशन आलीत. किमतीची तुलना माझ्या हातचा मळ. पण शुक्रवारी साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "यातली सुरक्षित कुठली तेही बघ. एक तक्ता कर, शंभरपैकी मार्क दे." २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, तेव्हापासून 'सायबर' म्हटलं की साहेब खुर्चीत सरळ बसतात.

नावं लिहीत नाही. 'अ' अमेरिकेत लिस्टेड आहे. 'ब' युरोपातली, पण तिचे शेअर न्यूयॉर्कलाही नोंदलेले आहेत. 'क' खासगी गुंतवणूकदारांच्या मालकीची आहे, गेल्या काही वर्षांत छोट्या कंपन्या विकत घेत मोठी झालेली.

मी पाच रकाने केले: आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचं मानक) आहे का, एसओसी २ आहे का, सरकारी दंड किती, डेटा गळतीच्या बातम्या किती, आणि एका रेटिंग सेवेचा स्कोर. बेरीज आली 'क' ९१, 'ब' ७४, 'अ' ५२. 'अ'च्या नावावर तीन घटना आणि एक दंड. 'क'च्या नावावर काहीच नाही.

इथेच माशी शिंकली. ऑडिटला गेल्यावर ज्या पार्टीच्या वहीत एकही खाडाखोड नसते, तिचीच वही मी दोनदा बघते. 'क'ची वही तशी वाटतेय. पण "वाटतंय" हा रकाना साहेबांना चालणार नाही. माझे रकानेच चुकलेत का? चुकले असतील तर कुठले ठेवू? आणि एवढ्या मोठ्या कंपन्या आमच्यासारख्यांना खरी कागदपत्रं दाखवतात तरी का?

सोमवारपर्यंत द्यायचंय. आगाऊ धन्यवाद.

पेठेतला

मार्क द्यायचे तर आधी उत्तरपत्रिका मागवा. तुमच्या तक्त्यात मुलांनी स्वतःच निकाल लिहून आणलाय.

जुना_ऑडिटर

लेखाजोखा ताई, माशी योग्य जागी शिंकली आहे.

आयएसओ २७००१ला "आहे / नाही" असा रकाना देऊ नका. ते प्रमाणपत्र कशाला मिळालंय ते वाचा. पहिल्याच पानावर स्कोप लिहिलेला असतो. एका मोठ्या नावाच्या प्रमाणपत्रात मी स्कोप वाचला होता: एका शहरातलं सपोर्ट ऑफिस. प्रॉडक्ट जिथे चालतं ते डेटा सेंटर त्यात नव्हतंच. खोटं काहीच नव्हतं, फक्त गेटवर वॉचमन होता आणि मागची भिंत मोजणीत धरलेली नव्हती. तेव्हा प्रमाणपत्रासोबत 'स्टेटमेंट ऑफ अॅप्लिकेबिलिटी' मागा. २०२२ च्या आवृत्तीत ९३ कंट्रोल (सुरक्षेचे उपाय) आहेत, त्यातले कुठले लागू केले आणि कुठले का वगळले ते त्यात असतं. २०१३ च्या आवृत्तीचं प्रमाणपत्र कुणी पुढे केलं तर घेऊ नका, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

एसओसी २ हे प्रमाणपत्रच नव्हे, व्हेंडरचे कंट्रोल तपासून बाहेरच्या ऑडिटरने दिलेला तो रिपोर्ट असतो. सेल्सवाला "आम्ही एसओसी २ सर्टिफाइड" म्हणाला की समजा, त्याने तो उघडलेला नाही. टाइप १ म्हणजे एका दिवसाचा फोटो. टाइप २ म्हणजे काही महिने ते कंट्रोल खरंच चालले का याची तपासणी. टाइप २च मागा आणि तुम्ही जशा ताळेबंदाच्या आधी ऑडिटरचं मत आणि टिपा वाचता तसाच तो वाचा. मत स्वच्छ आहे की क्वालिफाइड, म्हणजे हातचं राखून दिलेलं? चाचण्यांच्या तक्त्यात 'एक्सेप्शन' (कंट्रोल न पाळल्याची नोंद) किती, आणि मॅनेजमेंटने त्यावर काय उत्तर दिलंय? कालावधी कधी संपला? मधले महिने कशाने भरलेत, नुसत्या ब्रिज लेटरने (नंतर काही बदललं नाही असं व्हेंडरचंच पत्र) का? ते ज्या दुसऱ्या क्लाउडवर उभे आहेत तो तपासणीत धरलाय की बाहेर काढलाय? आणि एक यादी असते, "हे कंट्रोल ग्राहकाने स्वतः करायचे". ती बहुतेक जण वाचतच नाहीत. उद्या नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन तुम्ही बंद केलं नाही तर जबाबदारी तुमची, असं त्यात चक्क लिहिलेलं असतं.

एक्सेप्शन दिसले म्हणून मार्क कापू नका. दोनशे पानांत एकही एक्सेप्शन नसेल तर मी उलट नमुना किती घेतला ते बघतो.

पास होणं म्हणजे पीयूसी. धूर तपासला, ब्रेक नाही. अमेरिकेतली 'टार्गेट' ही दुकानांची साखळी २०१३ च्या सप्टेंबरमध्ये पीसीआयच्या (कार्ड व्यवहारांच्या सुरक्षेच्या) मानकांना उतरली होती. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथून ४ कोटी कार्डांची माहिती गेली, आणि चोर आत शिरले ते एसी-रेफ्रिजरेशनच्या कंत्राटदाराच्या लॉगिनने.

लेखाजोखा

जुने ऑडिटर, दंडवत! आत्ता तिन्ही प्रमाणपत्रं काढून बघितली. 'अ' आणि 'ब'च्या स्कोपमध्ये प्रॉडक्टचं नाव आहे. 'क'च्या प्रमाणपत्रात मूळ कंपनीचं मुख्यालय आहे, पण आपण घेतोय ते हजेरीचं सॉफ्टवेअर त्यांनी विकत घेतलेल्या कंपनीचं आहे. तिचा उल्लेखच नाही.

हिंजवडी_फेज_तीन

मग आधी मॅरियटचं वाचा. त्यांनी २०१६ मध्ये स्टारवुड हॉटेलं विकत घेतली. स्टारवुडच्या बुकिंग सिस्टिममध्ये चोर २०१४ पासून बसलेले होते, कळलं २०१८ मध्ये. घराबरोबर भाडेकरूही आला म्हणायचा.

आता तुमचे दंड आणि बातम्यांचे रकाने. व्हेंडर रिस्कमध्ये काम करतो म्हणून सांगतो, हे दोन्ही रकाने कबुली देणाऱ्याला शिक्षा करतात.

दंडाचं बघा. जीडीपीआरखालचा (युरोपचा डेटा संरक्षण कायदा) सर्वात गाजलेला दंड मेटाला २०२३ मध्ये झाला, १२० कोटी युरो. तो हॅकिंगसाठी नव्हता, युरोपीय लोकांचा डेटा अमेरिकेत नेल्याबद्दल होता. ब्रिटिश एअरवेजला २०१८ च्या गळतीसाठी आधी १८ कोटी पौंडांहून जास्त दंडाची नोटीस होती, २०२० मध्ये प्रत्यक्ष झाला २ कोटी. मॅरियटचाही ९.९ कोटींचा १.८४ कोटी पौंड झाला, दोन्हीकडे कोविडचा विचार केला गेला. मग यातला कुठला आकडा तुम्ही जोखीम म्हणून एक्सेलमध्ये टाकणार? तो रकाना काढा. त्याऐवजी दंडाचा आदेश वाचा. नियामकाने काय काय चुका लिहिल्यात ते अशा आदेशांत बऱ्यापैकी तपशिलात असतं.

बातम्यांचंही तेच. अमेरिकेत लिस्टेड कंपन्यांना एसईसीचा (तिथली सेबी म्हणा) २०२३ चा नियम लागू आहे. घटना महत्त्वाची आहे असं ठरवल्यापासून चार कामकाजाच्या दिवसांत ८-के हा फॉर्म भरून जाहीर करायचं. लक्षात घ्या, घटना कळल्यापासून नाही, "महत्त्वाची" ठरवल्यापासून. तरीही काहीतरी बाहेर येतं. तुमची 'क' खासगी आहे, तिला हा नियम नाही. तिची कोरी पाटी म्हणजे चांगलं अक्षर नव्हे, पाटीवर लिहायची सक्तीच नाही.

'अ'च्या १०-के या वार्षिक अहवालात 'आयटम १सी' आणि 'ब'च्या २०-एफ मध्ये (परदेशी कंपन्यांचा तसाच अहवाल) 'आयटम १६के' काढा. एसईसीच्या एडगर साइटवर फुकट आहे. सायबर जोखीम संचालक मंडळापर्यंत कोण नेतं, त्या माणसाचा अनुभव काय, बाहेरच्या पुरवठादारांवर नजर कशी ठेवतात, हे सगळं तिथे लिहावं लागतं. दोन वर्षांचे शेजारी ठेवून वाचा. शब्दन् शब्द तोच असेल तर वकिलाने लिहिलाय.

रात्रपाळी

रेटिंगच्या रकान्याबद्दल कुणी बोललं नाही. मी एसओसीमध्ये रात्रपाळी करतो (हा एसओसी वेगळा, सायबर हल्ल्यांवर पहारा ठेवणारं केंद्र, वरचा रिपोर्ट नव्हे. नावं ठेवणाऱ्याला नमस्कार).

हे स्कोर कुठे २५० ते ९०० तर कुठे ए ते एफ असे येतात. बाहेरून दिसतं तेवढंच ते मोजतात: उघडे पोर्ट, जुनी सर्टिफिकेट, ईमेलची सेटिंग. मोठ्या कंपनीच्या नावावर हजारो पत्ते असतात, विकून टाकलेल्या शाखेचं जुनं डोमेनही तिच्याच माथी. त्यामुळे आकार मोठा तितकी घाण जास्त दिसते. आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत दवाखान्यांची बिलं हाताळणारं चेंज हेल्थकेअर बंद पडलं, ते एका रिमोट पोर्टलला एमएफए (पासवर्डवर आणखी एक ओळखीची खात्री) नव्हतं म्हणून.

हिंजवडी_फेज_तीन

रात्रपाळी, पूर्ण टाकाऊही नाही हो. एकाच कंपनीचा स्कोर सहा महिन्यांत घसरला तर विचारायला निमित्त मिळतं. दोन कंपन्यांत तुलना करू नये एवढंच.

रात्रपाळी

मान्य. निमित्त म्हणून ठेवा, मार्क म्हणून नको.

सुटे_भाग

चाकणला असतो, तुमच्याच धंद्यातला. सगळे गळतीवर बोलताहेत. आपल्यासाठी मोठी भीती थांबण्याची आहे.

जग्वार लँड रोव्हर बघा, टाटा समूहाच्या मालकीची. २०२५ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला हल्ला झाला आणि गाड्या बनणं आठवडे थांबलं. ऑक्टोबरमध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झालं. ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने तिथल्या अर्थव्यवस्थेचं नुकसान १९० कोटी पौंड धरलं, आणि त्यात पुरवठादारांचंही नुकसान आलं. म्हणजे आपल्यासारख्यांचा. चोरी दुसऱ्याच्या घरी, उपास आपल्याला.

त्याआधी २०१७ चा नॉटपेट्या व्हायरस. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम बसलं, आपल्या न्हावा शेव्यातलं त्यांच्या गटाचं टर्मिनलसुद्धा. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी पुन्हा उभे केले, तेही दहा दिवसांत. डोमेन कंट्रोलरची (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) एकच प्रत वाचली होती, घानामध्ये, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेली होती! महावितरणला नावं ठेवताना हे आठवत जा.

तेव्हा तिघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा: शेवटचा पूर्ण रिस्टोअर (बॅकअपवरून सगळं परत उभं करणं) करून कधी बघितला आणि किती तास लागले? "आमच्याकडे बॅकअप आहे" हे उत्तर नव्हे. पगाराच्या आदल्या दिवशी बंद पडलं तर युनियनला तुम्ही एसओसी २ दाखवणार आहात का?

आणि ड्रॉइंग ठेवताय म्हणजे जर्मन गिऱ्हाईक टिसॅक्स (वाहन उद्योगातली माहिती सुरक्षेची तपासणी) विचारणारच. व्हेंडरकडे लेबल असेल तर पीडीएफवर विश्वास नको, ती चालवणाऱ्या ईएनएक्सच्या पोर्टलवरून निकाल तुमच्याशी शेअर करायला सांगा. कुठल्या जागेसाठी, कुठल्या लेव्हलचं ते तिथे दिसतं. तीन वर्षं चालतं.

जुना_ऑडिटर

सुटे भाग यांचा मुद्दा लाख मोलाचा. त्यात करारातली वेळ जोडा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत आणि लॉग १८० दिवस ठेवायचेत. व्हेंडर करारात "७२ तासांत कळवू" म्हणत असेल तर त्याने तुम्हाला सांगेपर्यंत तीन दिवस तुम्ही आंधळे. 'अ' आणि 'ब'चे छापील करार मिळाले असतील, कलम शोधा.

डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहेच. कामगारांची माहिती व्हेंडरकडे दिली तरी कायद्यापुढे उत्तर तुमच्या कंपनीने द्यायचं. सुरक्षेत हलगर्जी ठरली तर दंडाची मर्यादा २५० कोटी आहे. साहेबांना तक्त्याच्या आधी हा आकडा सांगा.

लेखाजोखा

रविवार रात्र. सगळ्यांचे आभार, काय काय झालं ते सांगते.

शंभरपैकी मार्क काढून टाकले. दंड, बातम्या आणि स्कोर हे तीन रकाने 'विचारायच्या गोष्टी' म्हणून खाली नेले. वर पाच प्रश्न ठेवलेत आणि प्रत्येकापुढे 'कागद पाहिला', 'नुसतं सांगितलं' किंवा 'उत्तर नाही', एवढंच. प्रश्न असे: आपण घेतोय तेच प्रॉडक्ट स्कोपमध्ये आहे का, टाइप २ मध्ये एक्सेप्शन काय, गंभीर पॅच (सॉफ्टवेअरमधल्या भोकाची दुरुस्ती) किती दिवसांत लावतात (अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या क्रेडिट माहितीच्या कंपनीचं वाचून घातला, मार्च २०१७ चा पॅच लावला नाही आणि १४ कोटींहून जास्त लोकांचा डेटा गेला), रिस्टोअरची शेवटची तारीख, आणि घटना किती तासांत कळवणार.

शनिवारी तिघांनाही मेल टाकला होता. सुट्टी असूनही 'अ'कडून संध्याकाळी एनडीए (गुप्ततेचा करार) आला, सही केल्यावर रिपोर्ट उघडला. चार एक्सेप्शन, चारही पानभर समजावलेले. त्यातलं एक नोकरी सोडलेल्यांचं लॉगिन उशिरा बंद केल्याचं, म्हणजे आमच्याकडे दर महिन्याला होतं तेच. 'ब'ने सोमवारी देतो म्हटलंय, कळवायची मुदत मात्र ७२ वरून २४ तास करायला तयार आहेत. 'क'चं उत्तर एका ओळीचं: पर्चेस ऑर्डर मिळाल्यावर कागदपत्रं देऊ.

साहेबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "माल न बघता ऑर्डर? आपल्याला कुणी देतं का?"

एक शेवटची शंका. 'अ'चा रिपोर्ट साहेबांना बघायचाय, पण एनडीए माझ्या नावाने आहे. प्रिंट काढून दिला तर चालेल ना?

रात्रपाळी

अजिबात नको. प्रत्येक पानावर तुमचा ईमेल वॉटरमार्क असेल, बघा. त्यांच्या पोर्टलवर साहेबांच्या नावाने दुसरा अॅक्सेस मागा, पाच मिनिटांत देतात. आणि कंपनीच्या वतीने सही करायचा अधिकार तुम्हाला होता का, तेही सकाळी साहेबांकडून लेखी घेऊन ठेवा.

पेठेतला

ऑडिटरचंच ऑडिट निघालं.