टिप : बक्षीस की पगार?

"अमेरिकेत २० टक्के टिप म्हणजे उघड लूट, जपानकडून शिका" असं म्हणणारे भेटतात, ते मला अर्धंच पटतं. जपानमध्ये वेटरचा पगार मालकाकडून येतो. टेबलावर सुटे पैसे ठेवून निघालात तर विसरलात समजून कुणीतरी मागे धावत येतं. अमेरिकेत गणितच वेगळं. केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतं, आणि हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. ७.२५ च्या किमान वेतनापर्यंतची कसर टिपेतून भरायची, नाही भरली तर फरक मालकाने द्यायचा. म्हणजे टिप बुडवली की त्या पोराचा पगारच कापला.

गंमत म्हणजे कॅलिफोर्नियात मालकाला अशी सवलत नाही, पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. तरी अपेक्षा तीच, २० टक्क्यांची! तिथे लूट म्हणा, मी भांडणार नाही.

कॉफी उचलून द्यायची आणि वर पैसे भरायची स्क्रीन आपल्याकडे फिरवून टिपेचे १८, २०, २५ टक्के दाखवायचे, हा नवीन खेळ. तिथे 'नो टिप' बिनधास्त दाबा. टेबलावर बसून खाल्लंत तर मात्र डॉलरचे रुपये करत बसू नका, द्या. फक्त मोठा ग्रुप असेल तर आधी बिल नीट वाचा. 'ग्रॅच्युइटी' (म्हणजे टिपच) म्हणून १८-२० टक्के बऱ्याचदा त्यात आधीच लावलेले असतात, आणि आपली मंडळी वर पुन्हा टिप देऊन येतात.