मंडईचं आरक्षण वर्षानुवर्षं कागदावरच: दोष कुणाचा?

पायवाट
आमच्या उपनगराच्या विकास आराखड्यात एक भूखंड मंडईसाठी राखीव आहे. आराखडा मंजूर झाला तेव्हा आजूबाजूला तुरळक वस्ती होती. आता चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि भूखंड अजून पत्र्याच्या कुंपणात. अंदाजपत्रकात दरवर्षी किरकोळ तरतूद दिसते, खर्च होत नाही.

उशीर झाला तरी मंडई कधीतरी होईलच, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ वाचा. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक महापालिकेला खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलंही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपलं. मग तिथे आणखी एक टॉवर. लाखभर वस्तीत अशी दुसरी मोकळी जागा कुठून आणणार? ज्यांच्या टेबलावर फाइल अडली त्यांची जबाबदारी निश्चित झालीच पाहिजे.

कोपऱ्यावरचा
मंडई बांधून तरी काय होतं? लिलावाची अनामत आणि भाडं भाजीवाल्याच्या आवाक्याबाहेर, त्यामुळे गाळे भलतेच लोक घेतात आणि कुलूप लावून ठेवतात. वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही. विक्रेते पुन्हा रस्त्यावर येतात. स्टेशनवरून घरी जाताना वाटेत मिळेल तिथेच माणूस भाजी घेतो. महापालिकेने पैसा पाण्यावर आणि गटारांवर खर्च करावा.

पायवाट
हे आराखड्यातल्या मंडईविरुद्ध नाही, इमारतीच्या नकाशाविरुद्ध आहे. तळमजल्यावर नुसते ओटे, पाणी, दिवे आणि कचऱ्याची सोय एवढंच करा. जागा हातात असेल तर चुकीची इमारत पाडताही येते. जागाच गेली तर सुधारायला काही उरत नाही.

सातबारा
एका बाजूने बोलणं चाललंय म्हणून लिहिते. माझ्या माहेरच्या जमिनीवर असंच आरक्षण पडलं. वडिलांच्या हयातीत त्यावर बांधता आलं नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक आरक्षण ऐकून परत जायचं. बँक कर्ज देईना. अतिक्रमण होऊ नये म्हणून राखण मात्र आम्हीच करायची. भावाच्या शिक्षणाच्या वेळी ती जमीन आमच्या काही उपयोगाची नव्हती.

तुम्ही म्हणता आरक्षण गेलं म्हणजे शहराचं नुकसान. आणि ते राहिलं तेव्हा नुकसान कुणी सोसलं? कलम १२७ ही पळवाट नाही. जमीन हवी असेल तर मोबदला द्या, नको असेल तर सोडा, एवढंच ते कलम सांगतं. मंडईची गरज मलाही कळते. ती एकट्या कुटुंबाच्या जिवावर का भागवायची?

नस्ती
नगररचनेच्या कामात होतो, म्हणून फाइल कुठे अडते ते सांगतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारमूल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे साधारण दुप्पट. रस्ते आणि रुग्णालयांची आरक्षणं आधी येतात, मंडई मागे पडते. उरतो टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मालकाला मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. तो मालकाने स्वीकारला तर रोख पैसा लागत नाही, पण मालकावर सक्ती करता येत नाही.

आणि सूचना आल्यावर नुसतं पत्र पाठवून चालत नाही. २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की 'पावलं' म्हणजे प्रत्यक्ष संपादनाकडे नेणारी पावलं. संपादनाचा प्रस्ताव पाठवला, एवढ्याने आरक्षण वाचत नाही. इतकं होऊनही सूचना येईपर्यंत कुणी हलत नाही, हे मी पाहिलंय. पायवाट यांचा राग मला पटतो. पण एका कारकुनाला धरून उपयोग नाही. कोणती आरक्षणं कोणत्या वर्षी घ्यायची याचा पैशांसकट क्रमच ठरत नाही, मूळ दुखणं ते.

कोपऱ्यावरचा
म्हणजे दुप्पट पैसे देऊन जागा घ्यायची आणि मग गाळे ओस पाडायचे. माझं मत कायम.

टोपली
सासू रस्त्यावर बसून भाजी विकते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती, सगळं लिहिलंय. गाडी आली की माल उचलून पळायचं मात्र थांबलेलं नाही. दादा, तुम्ही गटाराचं बोललात, पण ती त्याच गटाराच्या काठावर बसते. ओटा मिळाला तर भाडं देऊ. लिलाव लावला तर नाही जमणार. सर्वेक्षणात ज्यांची नावं आहेत त्यांना ओटे थेट ठरलेल्या भाड्याने द्या, मग बघा ओस पडतात का.

पायवाट
टोपलीताईंची मागणी मी निवेदनात जशीच्या तशी घेतोय: लिलाव नको, सर्वेक्षणातल्यांना ओटे. दुसरी मागणी, येत्या अंदाजपत्रकात संपादनाची पूर्ण रक्कम. सातबारा, मालकाला टीडीआर देऊन जागा लगेच ताब्यात घ्या, अशी तिसरी मागणी घातली तर तुम्हाला मान्य आहे का?

सातबारा
टीडीआरचा भाव पडलेला असताना तो गळ्यात मारणार असाल तर नाही. रोख की टीडीआर, हे मालकाला ठरवू द्या. तेवढं लिहा, मग सही करते.