मिशीवाला इटालियन फौजदार आणि बिनमिशीचा: एकच माणूस का? (घरात पैज आहे)

तापीकाठी

मंडळी, प्रश्न फालतू वाटेल, पण आमच्या घरात हे भांडण पस्तीसेक वर्षं चालू आहे आणि एक पार्टी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. म्हणून घाई.

१९८७ चा उन्हाळा, धुळं. आमचे अप्पा (काका) तेव्हा पोलिसात फौजदार. गल्लीतला एक जण कुवेतला होता, त्याने येताना व्हीसीआर आणि दहा-बारा कॅसेटी आणल्या. त्यातल्या दोन अप्पांनी आमच्याकडे आणल्या त्या परत गेल्याच नाहीत. परवा माळा साफ करताना सापडल्या. दोन्हींना बुरशी, व्हीसीआरचा पट्टा तर केव्हाच तुटलेला. वरच्या चिठ्ठीवर नाव नाही, बॉलपेनाने नुसतं "पोलीस मारधाड १" आणि "२".

सिनेमे इंग्रजीत बोलत होते, खाली अरबी अक्षरं पळत होती, ओठ तिसरंच काही म्हणत होते. आम्हा पोरांना कशाचाच पत्ता नाही. गोष्ट अप्पा सांगायचे, तीच खरी.

पहिल्या कॅसेटीत समुद्राकाठचं शहर, अरुंद गल्ल्या. सोनेरी केसांचा, जाड मिशीचा साहेब, दिसेल त्याला कानफटात. उतारावर दोराने ओढली जाणारी गाडी, तिच्या टपावर हा चढतो. आत गुंड एका बाईचं डोकं खिडकीबाहेर काढतो आणि समोरून दुसरी गाडी येते. तिथे आईने आमच्या डोळ्यांवर पदर टाकला होता.

दुसरीत सगळा गाड्यांचा पाठलाग. तरुण पोलीस वेडी गाडी हाणतो, एक म्हातारा अधिकारी त्याला शिकवतो. याला मिशीच नाही.

मी म्हणतो दोघं एकच. अप्पा म्हणतात, "ह्या दोन येगळा माणसं शेतस (आहेत)." हरणाऱ्याने हायवेवरच्या ढाब्यावर शेवभाजी द्यायची. कोणी सांगाल का हा कोण?

केळीबाग_रावेर

सोपं आहे भो. फ्रँको नीरो. निळे डोळे, सोनेरी केस, मिशी. वेस्टर्नमध्ये शवपेटी ओढत फिरणारा जँगो तो हाच. १९७३ मध्ये त्याने जेनोवा शहरातल्या पोलिसाचा सिनेमा केला, इंग्रजीत 'हाय क्राइम'. जेनोवा म्हणजे बंदर, समुद्र आलाच. शेवभाजी कधी?

रीळ_आणि_पत्रा

रावेरकर, थांबा. चूक तुमची एकट्याची नाही. त्या माणसाला घेतलाच मुळी नीरोसारखा दिसतो म्हणून.

तुमचा मिशीवाला मॉरित्सिओ मेर्ली. जन्म रोम, १९४०. पहिली कॅसेट म्हणजे 'नापोली व्हिओलेंता', १९७६, दिग्दर्शक उंबेर्तो लेंझी. शहर नेपल्स. ती दोराची गाडी म्हणजे फ्युनिक्युलर; टेकडीवर चढायला नेपल्समध्ये लोक आजही रोज वापरतात, आपण रिक्षा वापरतो तशी.

गंमत ऐका. रावेरकर म्हणतात तो नीरोचा सिनेमा एन्झो कास्तेल्लारीने केला आणि तो जोरात चालला. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, कास्तेल्लारीच्याच बापाने, मारिनो जिरोलामीने, 'रोमा व्हिओलेंता' काढला. त्यात कमिसारिओ (पोलीस अधिकारी) बेत्ती म्हणून आला मेर्ली. लेकाचा हिरो आणि बापाचा हिरो शेजारी उभे केले तर चुलतभाऊ वाटतील. त्याआधीही तेच. नीरोने लांडगा-कुत्र्याचा 'व्हाइट फँग' केला, तर १९७४ मध्ये त्याच नावावर निघालेल्या पुढच्या एका सिनेमात मेर्ली. बेत्तीचे एकूण तीन सिनेमे झाले, नेपल्सचा त्यातला दुसरा.

ओठांचं म्हणाल तर तुमची कॅसेट खराब नव्हती. त्या काळी इटलीत शूटिंगचा आवाज सहसा वापरत नसत, नंतर स्टुडिओत डब. कोणी इटालियन बोलतोय, कोणी इंग्रजी, चाललंय. नेपल्सच्या सिनेमात जॉन सॅक्सन आणि बॅरी सुलिव्हन हे अमेरिकन नट आहेतच. पुष्कळदा इटालियन नटालाही पडद्यावर दुसऱ्याचाच आवाज असे.

तापीकाठी

रीळभाऊ, मानलं! नेपल्सवरून आठवलं. त्यात तो दरोडेखोर आहे ना, ज्याला रोज ठाण्यात सही करायला यावं लागतं?

रीळ_आणि_पत्रा

हो, कासाग्रांदे. दरोडा टाकतो आणि मोटारसायकल हाणत वेळेत सहीला हजर होतो. ठाण्यात सही आहे म्हटल्यावर दरोड्यावर हा कसा असेल? ती मोटारसायकल ट्रॅफिकमधून जाते तेव्हा कॅमेरा जणू हँडलवरच बसवलाय. अंगावर येतं.

तापीकाठी

तोच! अप्पा तो तुकडा मागे घेऊन घेऊन बघायचे. टेप तिथेच झिजली, चित्रावर पांढऱ्या रेघा यायला लागल्या. मग अप्पा उठून स्पिरिटमध्ये बुडवलेली पट्टी हेडवर फिरवायचे आणि पुन्हा तेच.

कारण अप्पांचाही असा एक जण होता. गावाचं नाव सांगत नाही. जामिनावरचा माणूस, रोज संध्याकाळी सहाला हजेरी. सायकलवर यायचा, रजिस्टरमध्ये वळणदार अक्षरात सही, "रामराम साहेब", की गेला. आणि ठाण्याच्या दोन गल्ल्या मागे, रात्री नाही, दिवसाढवळ्या साडेपाचला घरं फुटायची. अप्पांनी एकदा नुसता सायकलच्या सीटला हात लावला. सीटच्या खाली स्प्रिंगमध्ये बांगडीचा तुकडा अडकलेला होता. तेवढ्यावर धरला.

बाकी मेर्लीवर त्यांचा राग होता. तो गोळी घालायचा की अप्पा ओरडायचे, "याना पंचनामा कोन करस?" त्यांच्या मते या साहेबाने दीड तासात कागदाला हात लावला नाही. अप्पांची मात्र निम्मी नोकरी कार्बन पेपरवर गेली, उजव्या हाताचं मधलं बोट अजून वाकडं आहे. तरी सिनेमा बघायचेच.

शहाद्याची_मामी

मी फार चाहती नाही हं. माझ्या मिस्टरांमुळे बघावे लागले. कोर्ट दिरंगाई करतं म्हणून साहेबाने हातच उचलायचा, हे प्रत्येक सिनेमात. पण तो काळही तसाच होता म्हणे. १९६९ च्या डिसेंबरात मिलानला पियात्सा फोंताना इथल्या बँकेत बॉम्ब फुटला, १९७२ मध्ये तिथलाच पोलीस अधिकारी कालाब्रेझी घराबाहेर गोळ्या घालून मारला, १९७८ मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरोंना पळवून मारलं. लोक घाबरलेले, थिएटरात जाऊन निदान पडद्यावर तरी कोणी ठोकतोय हे बघायचे. मला त्या नेपल्सच्या सिनेमातला पोरगा तेवढा लक्षात राहिला. सुरुवातीला गंमत म्हणून लंगडत रस्ता ओलांडतो, शेवटी खरंच लंगडतो. साहेब शहर सोडून निघालेला असतो, त्याला बघून गाडी वळवतो. त्या क्षणी मेर्ली काही बोलत नाही, मारत नाही. तिथे तो नट वाटतो.

आता दुसरी कॅसेट. ती 'पोलिझ्झिओत्तो स्प्रिंट', १९७७, दिग्दर्शक स्तेल्व्हिओ मास्सी. आणि तुमच्या अप्पांना सांगा, पैज हरले. तो मेर्लीच, फक्त मिशी काढून. यात तो अनुभवी साहेब नाही, उतावळा पोरगा आहे, म्हणून तोंड कोवळं हवं. गाड्यांची करामत रेमी ज्युलियन या फ्रेंच माणसाची. मूळ प्रेरणा रोमच्या पोलिसातला खरा माणूस, आर्मांदो स्पाताफोरा. साठच्या दशकात त्याच्या पथकाला चक्क काळी फेरारी मिळाली होती, २५० जीटीई.

केळीबाग_रावेर

पोलिसांना फेरारी! आमच्याकडच्या जीपला धक्का मारायला आम्ही जायचो.

मी हरलो बरं का. नीरोची शपथ.

तापीकाठी

काल रविवारी देवपूरला अप्पांकडे गेलो. मोबाइलवर दोन्ही फोटो शेजारी लावले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अंगठ्याने मिशीवाल्याचा वरचा ओठ झाकून बघितला. तीन वेळा. मग म्हणाले, "कान एकच शेतस." ओळख परेडीत कान बघायचे म्हणे, चेहऱ्याला माणूस फसतो. मी म्हटलं, अप्पा, हे १९८७ मध्ये का नाही बघितलं? म्हणाले, तेव्हा टीव्ही चौदा इंची होता.

शेवभाजी घरीच मागवली, तर्री वेगळी ठेवून, कारण डॉक्टर. वहिनीने त्यांच्या ताटात दोन चमचे तरी वाढलीच.

जेवताना मी सांगितलं की मेर्ली १९८९ च्या मार्चमध्ये गेला, टेनिस खेळून झाल्यावर हार्ट अटॅक, वय एकोणपन्नास. म्हणजे आपण कॅसेट बघत होतो तेव्हा तो होता, आणि दोन वर्षांत नाही. अप्पांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग विचारलं, "मरना तव्हय मिशी व्हती का रे?"

रीळभाऊ, मामी, कोणाला माहीत असेल तर सांगा. ते रोज फोन करून विचारतायत.