सीटमागची बॅग टायरला घासते. बुटक्या माणसांनी करायचं काय?

दापोलीची सायकलवाली:
नमस्कार मंडळी. वय ४६, उंची चार फूट अकरा. सायकल हायब्रीड, चाक ७०० बाय ३५. मागे कॅरिअर नाही, आणि लावायचं म्हटलं तर फ्रेमला भोकंही नाहीत.

दिवाळीत माहेरी गेले. दापोलीहून दाभोळ, तिथून फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर. एका रात्रीचे कपडे मावावेत म्हणून सीटमागे शेपटासारखी उभी राहते ती १० लिटरची बॅग घेतली. घरी ओसरीवर बांधून बघितली तेव्हा ऐटीत बसली होती. दाभोळचा उतार लागला आणि मागून खर्रर्र सुरू. मला वाटलं, ब्रेक लागतोय. जेटीवर उतरून बघते तर बॅगेच्या बुडाला रुपयाएवढं भोक, आणि आतल्या नव्याकोऱ्या ड्रेसवर टायरचा काळा पट्टा. आईला दाखवायला नेलेला ड्रेस! बोटीवरचा तिकीटवाला म्हणतो, "ताई, मागे जातं बसवलंय का?"

आता दुसरी बॅग घ्यायची तर कोणती घेऊ? की माझ्याच बांधण्यात चूक झाली?

रत्नागिरीकर:
पट्टे कसून आवळा हो. माझी १४ लिटरची आहे, गणपतीपुळ्यापर्यंत कितीदा नेली, कधी घासली नाही.

दापोलीची सायकलवाली:
दादा, तुमची उंची किती?

रत्नागिरीकर:
पाच अकरा. बरं, कळलं.

वेंगुर्ल्याचा पानावाला:
ताई, आधी टेप घ्या. सीटखालच्या ज्या दोन दांड्यांना पट्टा अडकतो, तिथून सरळ खाली टायरपर्यंत किती भरतं ते मोजा. मग बॅग प्रवासाला भरता तशी गच्च भरा आणि तिची जाडी मोजा, रिकामी नव्हे. बॅगेखाली निदान तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. दोन्ही आकडे इथे टाका.

दापोलीची सायकलवाली:
दांडीपासून टायर १४ सेंटिमीटर. भरलेली बॅग मधोमध १६.

वेंगुर्ल्याचा पानावाला:
मग विषय संपला. १४ च्या फटीत १६ ची बॅग कितीही आवळा, पहिल्या गतिरोधकाला टेकणारच. उंच माणसाची सीट वर, त्यामुळे खाली ऐसपैस जागा. तुमच्या-माझ्यासारख्यांना (मी पाच दोन) ती जागा मिळतच नाही. दुकानदार हे सांगत नाही. २२ वर्षं सायकली दुरुस्त करतोय, अशी भोकं पुष्कळ पाहिलीत.

बांधण्यातही थोडी चूक झाली असणार. बॅगेचं टोक सीटपोस्टकडे (सीटखालच्या उभ्या नळीकडे) निमुळतं होतं, त्यात पाने, ट्यूब, चार्जर असं जड सामान आधी ठासायचं, मग कपडे मुठीने दाबत भरायचे. टोकात मऊ कपडे गेले की ते दबतात आणि मागचं अख्खं धूड खाली लोंबतं. उभं राहून पेडल मारलं की डावी-उजवीकडे झुलतं ते वेगळंच. पट्टे आवळताना आधी दांड्यांचे, मग सीटपोस्टचा, मग पुन्हा दांड्यांचे. पाच किलोमीटरवर थांबून परत एकदा, कारण तोवर सामान बसलेलं असतं.

आता तुमच्यापुरतं. सीटखाली एक लिटरची छोटी पिशवी पुरे. त्यात ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), ॲलन कीचा (षटकोनी पान्यांचा) संच, पॅच. ट्यूब जुन्या मोज्यात घाला. मी आळस केला होता. आरे-वारेच्या चढावर पंक्चर झालं, नवी ट्यूब काढली, तर ॲलन कीने घासून घासून तिलाच भोक! भर उन्हात, समोर एवढा सुंदर समुद्र, आणि मी थुंकी लावून बुडबुडे शोधतोय.

कपडे हँडलवर आडव्या वळकटीत. तुमचं हँडल सरळ आहे, जागा भरपूर. फक्त ब्रेकच्या केबल दबत नाहीत ना आणि वळकटी पुढच्या चाकाला लागत नाही ना, एवढं बघा. नेहमीचंच जाणं असेल तर मात्र कॅरिअरच घ्या. फ्रेमला भोकं नसली तरी मागच्या नळ्यांना रबर लावलेल्या पी-क्लिप (नळीभोवती बसणाऱ्या कड्या) आवळून बसतो, फ्रेम लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची हवी. कार्बनला हा उद्योग नको. नुसता सीटपोस्टला चिमटणारा कॅरिअरही मिळतो, पण तुमचा सीटपोस्ट बाहेर दिसतो तरी किती?

मालवणची खारी हवा:
एक राहिलं. आपल्याकडे बॅग फाटायच्या आधी तिची चेन (झिप) जाते. धातूची चेन खाऱ्या वाऱ्याने अशी धरते की पक्कड लागते. तोंड गुंडाळून बकल लावायची बॅग बरी. चेनवालीच असेल तर परतल्यावर गोड्या पाण्याने धुवून वाळवा आणि चेनवर मेणबत्ती फिरवा. पाने तेलाच्या फडक्यात. आणि मागचा लाल दिवा बॅगेला अडकवू नका. बॅग वाकली की तो रस्त्यालाच उजेड दाखवतो. आमच्याकडे रात्री रस्त्यावर दिव्यांची बोंब, त्यात हे.

दापोलीची सायकलवाली:
सीटपोस्ट बाहेर चार बोटं, हसू नका. पी-क्लिपवाला कॅरिअर मागवलाय, तोवर हँडलवर वळकटी. काल हर्णैपर्यंत जाऊन आले, येताना चढाला हँडल जरा जड लागलं, पण आवाज काही नाही. जुन्या बॅगेच्या भोकावर हर्णैला ताडपत्री शिवणाऱ्याकडून ठिगळ मारून घेतलं आणि ती भाच्याला दिली. तो पाच नऊ आहे.

ड्रेसचा डाग कशाने जातो ते कोणी सांगेल का? रॉकेल लावून झालं.